जपानची लेक्चरर

सुलक्षणा इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये वाढली, हट्टाने जपानी शिकली आणि मध्ययुगीन जपानच्या इतिहासात पीएच.डी. झाली. सामुराई घराण्यांतल्या लेकींना एकेकाळी बापाच्या जमिनीत वाटा मिळायचा. तो पुढे त्यांच्या हातून कसा गेला, हा तिचा विषय. पंच्याण्णव साली एका विद्यापीठात जपानी इतिहासाच्या लेक्चररची जागा निघाली आणि तिला मुलाखतीचं बोलावणं आलं.

समितीने आधी तिला सतीबद्दल विचारलं, मग हुंड्याबद्दल. ती दर वेळी बोलणं जपानकडे वळवायची, आणि ते तिला पुन्हा भारतात आणून सोडायचे. तिचा प्रबंध टेबलावर तसाच पडून होता.

शेवटी अध्यक्ष, प्राध्यापक हार्डिंग, जरा अवघडून म्हणाले, "राग मानू नका, पण मुलं जपान शिकायला येणार. समोर तुम्हाला बघून त्यांना विचित्र नाही का वाटणार?"

सुलक्षणाने त्यांच्या निळ्या डोळ्यांकडे पाहिलं. "सर, तुम्ही इतकी वर्षं जपान शिकवताय. तुम्हाला बघून कुणाला वाटलं?"

"मला बघून?" हार्डिंग खरोखरच बुचकळ्यात पडले. "मला बघून कशाला वाटेल?"