पाळण्याचं गाणं

जीवननं जनरेटर पार मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, मोर्णा नदीकडं नेऊन ठेवला. वायर जास्तीची लागली. मांडववाला कुरकुरला, पण जीवननं ऐकलं नाही.

"आता पाहू धुरातून कोणती बाई उठते तं," तो म्हणाला.

पौर्णिमा हसली नाही. गाणारी ती, आणि जीवन तिचा ढोलकीवाला. गाड्या, मांडव, परवानगी, सगळं तोच पाहायचा. अकोल्याच्या जुन्या शहरातला हा कार्यक्रमही त्यानंच ठरवला होता. पौर्णिमाच्या मनात नव्हतं.

अचलपूरला ती पाळण्याचं गाणं म्हणत होती, तेव्हा पुढं बसलेल्या बायांना एकाएकी गुदमरल्यासारखं झालं. लेकरं रडायला लागली, बाया उठून पळाल्या, दोघी-तिघी तुडवल्या गेल्या. नांदगाव खंडेश्वरला तेच गाणं आणि तोच प्रकार, फक्त गर्दी मोठी होती. लाकडी बल्ल्यांच्या कठड्याशी संध्या नावाची कॉलेजातली पोरगी दबली. दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली.

वाचलेल्या बाया एकच सांगत होत्या. कोणीतरी गळा धरला.

मग मोबाईलवर व्हिडिओ फिरला. त्यात स्टेजच्या मागून पांढरं काहीतरी उठतं आणि बायांवर वाकतं. कोणी म्हणालं, तान्हं लेकरू टाकून फास घेतलेली सून आहे, पाळण्याचं गाणं ऐकलं की येते. परतवाड्याच्या एका महाराजानं सांगितलं की गाणंच मसणातलं आहे. अकोल्याला येताना बसमध्ये शेजारच्या बाईनं पौर्णिमाला ओळखलं. तिनं मांडीवरच्या लेकराच्या तोंडावर पदर घेतला आणि जागा बदलून बसली.

जीवनचा या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. स्टेज बांधताना तो नेहमी वारा पाठीशी घ्यायचा, म्हणजे आवाज शेवटच्या माणसापर्यंत जातो. दोन्ही गावांत जनरेटर स्टेजच्या मागंच होता. वाऱ्यासोबत आवाज गेला तसा धूरही गेला. त्याच्या लेखी विषय तिथंच संपला होता.

"ते गाणं सोडून देऊ," पौर्णिमा म्हणाली. "संध्याच्या मायनं मले हात जोडले होते."

"आज नाई म्हटलं तं लोक जन्मभर म्हणतीन, गाण्यातच खोट हाय."

पौर्णिमानं मैदानाकडं एकदा पाहिलं. मग म्हणाली, "ठीक हाय. म्हणतो. पण आज एक जरी बाई पडली, तं मी पुन्हा तोंड उघडणार नाई. सांगून ठेवतो."

हे सगळं इंदूबाई ऐकत होती. पौर्णिमाची आई. नवरा लवकर गेला, पोरगी तिनं एकटीनं वाढवली. पाळण्याचं गाणंही तिचंच, पौर्णिमा पाळण्यात असताना म्हटलेलं. प्रत्येक कार्यक्रमाला ती सोबत असायची. स्टेजच्या मागं लहानशी शेगडी पेटवायची आणि पोरीच्या गळ्यासाठी ज्येष्ठमधाचं पाणी गरम ठेवायची. आज दुपारी ती एकटीच बाजारात जाऊन आली होती. हातातली पिशवी तिनं खाली ठेवली नव्हती.

जीवन तिच्याजवळ येऊन बसला.

"मावशी, तुमी तं दोन्ही टायमाले मागंच होत्या. काही दिसलं तुमाले?"

"मले काय दिसन? मी आपली शेगडीपाशी."

"जीव घाबरला? गुदमरलं?"

"मले? नाई. साधा खोकला नाई आला." इंदूबाईनं निखारे सारखे केले. "तेच तं वाईट हाय."

म्हातारी संध्याचं मनाला लावून बसली आहे, असं जीवनला वाटलं. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो ढोलकी लावायला गेला.

मैदान भरलं. गाणं ऐकायला आलेले होते, तसे काय होतं ते पाहायला आलेलेही होते. जीवननं बाहेर जायच्या वाटा मोकळ्या ठेवल्या होत्या, पोलीस उभे होते. तरी पहिल्या दोन-तीन गाण्यांना टाळ्या दबूनच पडल्या. मग पौर्णिमा पाणी प्यायला मागं आली. इंदूबाईनं तिच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

"भिऊ नको. मी हावो ना."

पौर्णिमानं पाळण्याचं गाणं धरलं. दिवे मंद झाले. मैदानात मोबाईलचे उजेड पेटले आणि सगळे डोळे तिच्या एकटीवर आले. पहिलं कडवं झालं. पुढच्या रांगेत एक बाई लेकराला थोपटत डुलत होती. जीवननं मागं वळून पाहिलं. पडद्याच्या वर काहीच नव्हतं. त्याचा हात मोकळा झाला, ढोलकी रंगली. पौर्णिमा कितीतरी दिवसांनी डोळे मिटून गायला लागली.

पडद्यामागं इंदूबाईनं शेगडीवरचं भांडं उतरवलं. पडद्याच्या फटीतून पोरीच्या पाठीवरून मूठ उतरवली आणि मुठीतलं मीठ, मोहरी, लाल मिरच्या निखाऱ्यांवर टाकल्या. मिरच्या तडतडल्या, काळ्या पडल्या. पाठीमागून वाऱ्याची झुळूक आली. पांढरा धूर पडद्याला लागला आणि वरून पलीकडं गेला.

तिनं वाकून छातीभर श्वास घेतला. ठसका लागला नाही. अचलपूरला लागला नव्हता, नांदगावलाही नाही. मिरच्या जळून ठसका लागत नाही म्हणजे नजर जबर, हे तिला तिच्या आईनं सांगितलं होतं.

"किती पाह्यता रे माह्या लेकीकडं," ती पुटपुटली.

पलीकडं कोणीतरी खोकलं. मग एक लेकरू रडलं. इंदूबाईनं पिशवीची गाठ सोडली आणि राहिलेल्या सगळ्या मिरच्या शेगडीत ओतल्या.