सहा सिलिंडरचं स्थळ

वरसेच्या फाट्यावर जनूने गाडी थांबवली आणि बंपरवरची धूळ फडक्याने पुसायला घेतली. ही तिसरी वेळ. पेणला पुसली, नागोठण्याला पुसली, आता इथे.

"पुरे की आता," मागच्या सीटवरून त्याची आई चंद्रावती म्हणाली. "पोरगी बघायला आलोय, गाडी दाखवायला नाय."

"गाडी दाखवल्याशिवाय पोरगी मिळत नाय आजकाल."

गाडी काळुराम शेठची. जनू तिच्यावरचा ड्रायव्हर. शेठ सकाळी मुंबईला गेलेला, पाचच्या रेल्वेने पेणला उतरणार. तोवर गाडी जनूची, असं जनूनेच ठरवून टाकलं होतं. सहा स्थळांनी 'ड्रायव्हर' ऐकून चहा थंड व्हायच्या आत नकार कळवला होता. चौतिसावं सरत आलं होतं. सातवा नकार ऐकायची आता त्याच्यात ताकद नव्हती.

"विमलबाईला काय सांगितलंयस?" आईने विचारलं. पेणची विमलबाई स्थळं जुळवायची, हेही तिनेच आणलं होतं.

"मोठी गाडी हाय एवढंच सांग म्हटलं. बाकी मी बघतो. तू फक्त मान हलव."

गुणाजीचं घर रस्त्यालगतच होतं. भात आणि वालाचा शेतकरी, बोलणं बेताचं. त्याने पाहुण्यांना रामराम केला आणि गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. त्याची मुलगी मैना चहा घेऊन आली, तीही जनूकडे न बघता गाडीकडेच बघत राहिली.

"केवढं इंजिन?" गुणाजीने विचारलं.

"चार लिटर. सहा सिलिंडर. पेट्रोल."

"म्हणजे ट्रकाएवढं की."

"ट्रकाला ही मजा नाय." जनू एकदम खुलला. इथे त्याला खोटं बोलावं लागणार नव्हतं. त्या इंजिनावर त्याचा खरंच जीव होता. चावी फिरवली की ते ओरडत नसे, नुसतं तळपायाला कळे. शेठला त्याचं काही नव्हतं. तो मागे बसून फोनवर बोलायचा. त्याला फक्त चार लोकांत गाडी उभी दिसायला हवी होती.

"लिटरला किती देते?" मैनाने विचारलं.

"सहा. पेण बाजारात चार."

"आणि एवढी ताकद वापरता कुठं? ह्या रस्त्याला तर खड्ड्यांतून तिसऱ्या गियरच्या पुढं जाता येत नाय."

खरं उत्तर 'कुठंच नाय' असं होतं. जनूने शेठचं वाक्य उसनं घेतलं. "असलेली बरी असते."

मैना हसली नाही. गुणाजी उठला. "चला, कोलाडपर्यंत एक चक्कर मारू. मैना, तू पण चल गो."

जनूने घड्याळ बघितलं. अडीच. साडेतीनला निघालं तरच पाचला पेण गाठता येणार होतं. पण नाही म्हणायची सोय नव्हती.

निम्म्या वाटेत कालव्याच्या चिखलात पेंढ्याने भरलेला एक टेम्पो रुतला होता. चाकं नुसती जागच्या जागी फिरत होती. गुणाजी म्हणाला, "बघू तुमची ताकद."

दुसऱ्याची गाडी. पण मालक माणूस का कचरेल? त्याने दोर बांधला, लो गियर टाकला, ॲक्सिलरेटरवर पाय नुसता टेकवला. इंजिन घुमलं आणि टेम्पो मुकाट वर आला. गुणाजीने मांडीवर थाप मारली. मैनाही पहिल्यांदा हसली. जमलं, जनूच्या मनात आलं. नक्की जमलं.

दोर सोडताना टेम्पोवाला ओशाळून म्हणाला, "साहेब, बंपरला घासलं जरा."

वीतभर ओरखडा होता. जनूला अंगावर वळ उठल्यासारखं झालं. मैना त्याच्याकडेच बघत होती.

"जाऊ द्या हो," तो म्हणाला. "जुनी झाली की दुसरी घेऊ."

परतताना फोन वाजला. शेठचा. जनूने कापला. परत वाजला, परत कापला.

"घ्या की," गुणाजी म्हणाला. "काम असंल कुणाचं."

"ड्रायव्हर हाय माझा. ह्या लोकांना तोंड दिलं की डोक्यावर बसतात."

मागे मैनाशेजारी बसलेल्या चंद्रावतीने तोंड खिडकीकडे फिरवलं.

घरी पोचल्यावर मैना आत गेली, गुणाजी तिच्या मागोमाग गेला. दहा मिनिटं झाली. पावणेचार झाले. फोन तिसऱ्यांदा खिशात थरथरला. शेवटी गुणाजी बाहेर आला आणि जनूला अंगणात बाजूला घेऊन गेला.

"पावनं, गाडी एक नंबर हाय. पण आपलं नाय जमायचं."

"का?" जनूचा आवाज चिरकला. "काय कमी हाय?"

"कमी काय नाय. तुमची चूक पण नाय, विमलबाईचाच घोटाळा झालाय." गुणाजीला खरोखर अवघडल्यासारखं झालं होतं. "ती बोलली, जोहे गावचा पोरगा हाय, ड्रायव्हर हाय, अकरा वर्षं एकाच शेठकडं, गाडीला कधी ओरखडा नाय. मैना म्हणाली, दुसऱ्याची वस्तू एवढी जपतो तर माणूस बघू या. आतापर्यंत तिनं एवढ्या एकालाच 'बोलवा' म्हटलं होतं. नाव पण जनूच सांगितलं होतं, म्हणजे तुमच्या गावात जनू दोघं असणार. तुमच्या ओळखीचा असंल, तर त्याला तेवढा पाठवून द्या."