जाळरेषेवरच्या अकरा गंज्या

"इथे गंज्या रचायला कोणी सांगितलं होतं?" वनरक्षकाने विचारले.

डोंगर आणि गाव यांच्यामधल्या मोकळ्या पट्ट्यावर वाळल्या चाऱ्याच्या अकरा गंज्या ओळीने उभ्या होत्या.

हाच पट्टा त्याने हिवाळ्यात वीस दिवस खपून साफ करून घेतला होता. तीस पावले रुंद. पान नाही, काडी नाही. डोंगरावरून वणवा उतरलाच, तर इथे त्याला खायला काही मिळू नये आणि तो उपाशीच विझावा, म्हणून ही जाळरेषा.

"एवढी कोरडी जागा गावात दुसरी दाखवा," ट्रॅक्टरवाला म्हणाला. "वाळवी नाही, दिवसभर ऊन. तुम्हीच तर झाडून दिलीत, साहेब."

"तुमचा चारा ठेवायला नव्हती झाडली."

वणवा डोंगराच्या माथ्यावर दिसत होता. साडेतीन वाजले होते. ऊन आहे तोवर वारा डोंगर चढतो आणि ऊन कलले की फिरून गावाकडे उतरतो, हे सगळ्यांना ठाऊक होते. वारा फिरायच्या आत जाळरेषेच्या कडेने आपणच आग लावायची. ती चढत जाऊन वणव्याला भिडली की दोघांनाही जाळायला काही उरत नाही. पण गंज्या तशाच राहिल्या, तर संध्याकाळच्या वाऱ्याने पेटता चारा घरांवर येऊन पडणार होता.

"ट्रॉलीच्या दोन खेपा होतील," वनरक्षक म्हणाला. "दोन गंज्या हलवू. बाकीच्या आत्ताच पेटवायच्या, वारा वर जातोय तोवर."

मग मात्र सगळ्यांना वाचा फुटली. ट्रॅक्टर माझा, पहिली खेप माझी, असे ट्रॅक्टरवाला म्हणाला. दुसऱ्याची म्हैस कालच व्यायली होती. शिक्षकांनी चिठ्ठ्या टाकायचे सुचवले, वहीचे पान फाडून अकरा नावेही लिहिली. आता चिठ्ठी कोणी उचलायची, यावर अडले.

"मास्तर, तुम्ही नको. तुम्ही ट्रॅक्टरवाल्याचे साडू."

"मग तू उचल."

"हा? याला तर स्वतःचं नाव वासावरून कळेल."

साडेचार झाले. ट्रॉली रिकामीच उभी होती आणि आता एकाही खेपेला वेळ उरला नव्हता.

वनरक्षकाची थोरली बहीण आपल्या गंजीला टेकून उभी होती. तिची गंजी सगळ्यांत मोठी. पाच गाई, आणि पावसाला अजून तीन महिने. तो तिच्याजवळ गेला.

"ताई, पहिली तुझी पेटवतो."

"माझीच का?"

"तुझी लावली की कोणी तोंड उघडणार नाही."

ताईने त्याच्याकडे पाहिले. "लहानपणीही असाच होतास तू. खाऊ माझा, वाटणार तू." ती गंजीपासून बाजूला झाली.

त्याने काडी ओढली. ट्रॅक्टरवाल्याने आपली गंजी स्वतःच पेटवली, मागोमाग बाकीच्यांनीही. लोक ओली पोती आणि हिरव्या फांद्या घेऊन घरांपुढे उभे राहिले. कडेने लावलेली आग डोंगर चढत गेली आणि अर्ध्या उतारावर वणव्याला भिडली. वारा फिरला तेव्हा त्याने गावात फक्त राख आणली.

अंधार पडायच्या सुमारास वनरक्षक बहिणीच्या ओट्यावर येऊन टेकला. भुवया होरपळल्या होत्या, घसा बसला होता. गोठ्यातून गाई हंबरत होत्या. त्यांची वैरणीची वेळ टळून गेली होती. ताईने पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला.

"एक छप्पर जळलं नाही, ताई," तो म्हणाला. "सगळं वाचलं."

"वाचलं ना?" ताई म्हणाली. "मग पाणी पी, आणि जरा गोठ्यात जाऊन त्यांना सांग."