एक तारखेचं पाकीट

"थोडे करपलेत," शिवदासकाका म्हणाले आणि त्यांनी तिसरा बोंबील उचलला.

प्रज्योतने मान डोलावली. गॅस बंद केला, पण खिडकी उघडली नाही. मासे तळताना खिडक्या लावून घ्याव्यात, असं मृत्युपत्रात लिहिलं होतं.

हरेश्वरमामा जाऊन अकरा महिने झाले होते. त्याने लग्न केलं नाही. वीज कंपनीतली नोकरी, घाटकोपरचं तिसऱ्या मजल्यावरचं हे दोन खोल्यांचं घर, आणि आतल्या, उजेडाच्या खोलीत कायमचे मुक्कामाला असलेले शिवदासकाका. एवढाच त्याचा संसार. मागे राहिली ती भाचरं दोन. प्रज्योत आणि त्याची मोठी बहीण दर्शना. वकील विद्याधरांनी मृत्युपत्र वाचून चष्मा काढला, तेव्हा दर्शनाने दोनदा विचारलं होतं, "एवढंच लिहिलंय?"

एवढंच होतं. वर्षभर शिवदासला काही कमी पडू देऊ नये. बुधवार, शुक्रवार, रविवार मासे, तेही खिडक्या लावून तळलेले. भिंतीत खिळा ठोकायचा झाला तरी आधी त्याला विचारावं. दर एक तारखेला मी त्याला देतो ते पाकीट भाचरांनी देत राहावं. वर्ष सरलं की घर कुणाला द्यायचं ते शिवदास सांगेल. त्याचा शब्द अखेरचा.

"मामा भोळा होता रे," खाली उतरताना दर्शना म्हणाली होती. "जन्मभर ह्याला पोसलं, वर पाकीट. खिळ्यालासुद्धा ह्याची परवानगी."

"ताई, घर नक्की मामाचंच ना?"

"लाइट बिल बघ की. तीस वर्षं मामाच्याच नावावर. कंपनीतला माणूस म्हणून सवलत मिळायची त्याला. दारावर पाटी कुणाची आहे?"

"सोसायटीत एकदा विचारतो."

"येडा आहेस का? बिल्डिंग पाडायला काढलीये. घराचं अजून ठरलं नाही हे कळलं ना, तर बिल्डर आपली फाइल खाली सारेल. तोंड बंद ठेव."

प्रज्योतने तोंड बंद ठेवलं. तो माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी राहत असे. संध्याकाळी वारा फिरला की तेलाचा वास घरात शिरे आणि पाहुण्यासारखा बसून राही. सात वर्षांच्या मीराच्या दप्तरात कंपासपेटीशेजारी इनहेलर असे. डॉक्टर म्हणाले होते, हवा बदला. नव्या इमारतीत या घराच्या बदल्यात तीन खोल्या मिळणार होत्या, अकराव्या मजल्यावर. तिथली हवा कशी असेल, याचा विचार तो बोंबलांना रवा लावताना करी.

सुरुवातीला त्याला राग येई. नंतर रागही येईना. दाताच्या डॉक्टरकडून परतताना आपलाच ओठ परका वाटतो, तसं त्याला स्वतःबद्दल वाटू लागलं. हात काम करत. माणूस कुठेतरी मागे उभा असे.

दर्शना मुलुंडहून येई. तिने काकांसाठी मे महिन्यात स्वेटर विणला. प्रज्योतने कानाचं यंत्र आणलं. ती त्यांना वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता मोठ्याने वाचून दाखवी. तो त्यांच्याशी कॅरम खेळून हरत असे, आणि हरताना हळहळण्याचीही त्याला सवय झाली होती.

"काकांची नखं तू कापलीस?" एकदा तिने स्वयंपाकघरात दबक्या आवाजात विचारलं. "गुरुवार माझा असतो."

"तुझा गुरुवार तेलमालिशचा. नखं कुठे ठरली होती?"

"लाज वाटते का रे काही?"

प्रज्योतने खरोखर क्षणभर विचार केला. "नाही वाटत, ताई," तो म्हणाला.

दिवाळीत त्याने मामाचा फोटो चौकट करून आणला. "इथे लावू का, काका? एक खिळा मारतो."

"नको," शिवदासकाका म्हणाले. "भिंत खराब होते. टेबलावर ठेव. हरेश्वरची कधी तक्रार नसायची."

फोटो टेबलावर राहिला. एक तारखेचं पाकीट दोघं भावंडं आळीपाळीने देत. काका ते न उघडता उशीखाली सरकवत आणि मामाच्या फोटोकडे पाहून किंचित हसत. बिचारा कृतज्ञ आहे, असं दर्शनाचं मत होतं.

वर्ष सरलं तो रविवार होता. दर्शनाने पापलेट आणलं होतं, प्रज्योतने मीराला. मीरा काकांच्या खोलीत खिडकीशी बसली होती. तासभर ती एकदाही खोकली नव्हती. प्रज्योतने तो तास मोजला होता, आणि कित्येक महिन्यांनी त्याच्या छातीत काहीतरी हललं.

"काका," दर्शना म्हणाली, "आज सांगणार होतात."

"ठरलंय माझं," शिवदासकाका काटा काढत म्हणाले. "जेवण होऊ दे."

तेवढ्यात बेल वाजली. सोसायटीचे सेक्रेटरी राजाराम कागदांचा गठ्ठा घेऊन आत आले. "बिल्डरच्या करारावर सह्या हव्यात. तुमचं एकच घर राहिलंय."

भावंडं एकदमच उठली. दर्शनाने पर्समधून पेन काढलं. प्रज्योतचं खिशातून आधीच निघालं होतं.

"दोन मिनिटं थांबा," तो म्हणाला. "काका नाव सांगतील, मग त्याचीच सही घ्या."

दाराच्या वाटेत उभ्या राहिलेल्या अनोळखी पाहुण्यांकडे पाहावं, तसं राजारामांनी दोघांकडे पाहिलं. मग बाजूने वळसा घालून त्यांनी कागद शिवदासकाकांच्या पुढ्यात ठेवले आणि बोटाने जागा दाखवली. काकांनी हात पुसून सही केली. साक्षीदार म्हणून असेल, असं प्रज्योतला वाटलं.

राजारामांनी सहीवर फुंकर घातली, कागद उलटला, आणि टेबलावरच्या फोटोकडे नजर जाताच आस्थेने विचारलं, "हरेश्वर गेले, पण भाडं येतंय ना वेळेवर, काका?"