सुगंधाबाईची सुट्टी

"लागली शर्त!" लच्छूनं शेजारच्या मुखरूच्या हातावर टाळी दिली. "सुगंधाबाई एक दिवस घरी बसंल. दिवस बुडेपर्यंत तिले बोलवाले कोनी आलं, तं मी लुगडं नेसून तिचं पानी भरीन. नाई आलं, तं तिचं धान बंद. जमीनदारायची मालगुजारी गेली, आता हे फुकट खानं बी गेलं पायजे!"

सुगंधाबाईला ना शेत, ना पोरगं. बाळंतिणींना शेकायचं, लेकरांना न्हाऊ घालायचं, अंथरुणातल्यांना भरवायचं, एवढंच तिचं काम. सुगीला घरटी पायलीभर धान मिळे. त्यात वर्ष निघे.

दिवस धान रोवण्याचे. सगळं गाव चिखलात. लच्छू मात्र सकाळपासून तिच्या दारासमोर चिंचेखाली ठाण मांडून. कोणी आलं नाही. दुपारी एक कुत्रं आलं.

"शर्तीत कुत्रं धराचं काय गा?"

लच्छूनं सोबत बसलेल्या मुखरूला डिवचलं. आत सुगंधाबाई रिकाम्या कणगीला टेकून बसलेली. सकाळपासून तिनं पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

दिवस कासराभर राहिला. लच्छू विडीला विस्तव आणायला घरी गेला. खाटेवर त्याची लुळी माय कण्हत होती.

"सुगंधा काऊन नाई आली रे? रोज तीच भरवते मले."

लच्छू बघतच राहिला. त्याला वाटे, बायको झाकून जाते तो भात म्हातारी आपल्या हातानं खाते.

"हात कुठी उठते माहा?"

त्यानं घास भरवला. म्हातारीनं थुंकला. दुसरा भरवला. तोही थुंकला.

"तुले नाई जमत. तिले बोलाव!"

लच्छू धावत सुटला. सुगंधाबाईच्या दारात पोचला आणि मुखरूनं टाळी पिटली. "दिवस बुडाचा आहे अजून, लच्छूभाऊ!"

दुसऱ्या दिवशी विहिरीवर जत्रा. लच्छू लुगड्यात, डोक्यावर घागर.

"पन बाकीच्या घरी कोनी भरवलं काल?" त्यानं चिडून विचारलं.

"शर्तीचं कानावर आलं अन् आमी बायांनी तिचं काम वाटून घेतलं, पहाटेच," पाणी भरायला आलेली इंदुताई म्हणाली. "एक दिवस बिचारीले सुट्टी."

"अन् माही मायच तेवढी उपाशी ठेवली?"

चौघी बायांनी म्हातारीची खाट विहिरीवर आणली होती. ती हसून हसून लाल झालेली.

"दोनदा जेवू घातलं रे यायनं. पोटात जागाच नव्हती, म्हनून तुया घास थुकला!"