बारा वाजताची बाई

भुताचे व्हिडिओ काढणाऱ्या दुर्गेशनं मोबाइल पडक्या भिंतीकडे फिरवला, तसा शामकलाचा झाडू हातातच थांबला.

"दोस्तों, यही वो जगह है," तो मोबाइलला सांगत होता. भर दुपारी बारा वाजता इथं पांढऱ्या लुगड्यातली बाई दिसते. इथल्या जुन्या जमीनदाराची, मालगुजाराची नातसून. या विहिरीत तिनं जीव दिला, म्हणे.

म्हणे! ती नातसून शामकलानंच जन्माला घातली होती आणि विहिरीतही तिनंच ढकलली होती. गोंदियाच्या या जुन्या बागेत झाडझूड करणाऱ्या चार बाया. पुरुषांसाठी मुतारी होती, बायांसाठी काही नाही. सकाळी सातपासून पोट दाबून दाबून किती दाबणार? विहिरीमागची ती भिंत, तेवढाच आडोसा. तिथं पत्ते कुटणारे येऊन बसायला लागले, तेव्हा शामकलानं चहाच्या टपरीवर हळूच एक भूत सोडून दिलं. तिच्या घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. भूतबित तिनं जन्मात मानलं नाही. पण दार नव्हतं, म्हणून राखणीला भूत ठेवलं.

आठ वर्षं भुतानं चोख राखण केली. मग मोबाइलवाले आले. आमगाव, देवरीपासून पोरं भूत बघायला यायला लागली. यांच्यापेक्षा पत्तेवाले परवडले. सोबतच्या मंगलीनं कामावर पाणी पिणंच सोडलं. परवा लघवीची आग होऊन तिला सलाईन लागली. आणि आता बागेच्या समितीनं ठरवलं होतं की भुताची शांती करायची, भिंत पाडायची आणि तिथं सेल्फी काढायला जागा करायची.

रविवारी अकराच्या सुमारास चिचगडकडचा भूत उतरवणारा बैगा आला, म्हातारा सुकराम. लिंबू, नारळ, काळी कोंबडी. समितीचे अध्यक्ष केशोराव पुढच्या खुर्चीवर. रीत अशी की बैगानं भुताला काय हवं ते विचारायचं आणि ते मागेल ते यजमानानं चारचौघांत कबूल करायचं.

सुकरामनं विहिरीकडे तोंड केलं. "बोल माय, का पायजे तुले?"

आणि मागून शामकला बोलली.

"संडास पायजे. आतून कडी लागते असा. केशोराव, तू घरून मोकळा होऊन येतं ना रे? मंग आमी कुठी जावाचं?"

माणसं वळून बघायला लागली. झाडूवाली बाई केशोरावांना अरेतुरे करते? शुद्धीत असती तर केलं असतं का? सकाळपासून झाडून झाडून तिचे केस सुटले होते, अंग रागानं थरथरत होतं. कोणीतरी कुजबुजलं, आली, अंगात आली. अध्यक्षांच्या बायको निर्मलाबाई डोक्यावर पदर ओढून खाली वाकल्या. केशोराव उठले. चपला काढल्या. हात जोडले.

"देतो माय. महिन्याभरात बांधून देतो. सगळ्यांसमोर सांगून राहिलो."

दुर्गेशचा मोबाइल चालूच होता.

याच मागणीचे अर्ज शामकलानं दरवर्षी नेऊन दिले होते. ते घेताना याच माणसानं कधी मान वर केली नव्हती.

मंगलीनं मागून चिमटा काढला. झालं न काम, पड आता खाली, बेशुद्ध हो. पडली असती तर सगळं निभावलं असतं. शामकलालाही ते कळत होतं. पण जी बाई कधी नव्हतीच, तिला या माणसानं माय म्हटलं होतं. शामकलाच्या डोक्यातली तिडीक काही केल्या उतरेना. तिनं दोन्ही हातांनी केस गोळा केले आणि घट्ट अंबाडा बांधला.

"अंगात काही आलं नाही, केशोराव. मी शामकला आहो. मीच बोलून राहिली."

केशोरावांचे जोडलेले हात सुटले. मग त्यांनी पायानंच चाचपून चपला घातल्या.