सैल तारा

चर्चच्या पॅरिश हॉलच्या मागच्या स्वयंपाकघरात अट्रॅक्टा टॅन्सी मध्यंतरासाठी सँडविच कापत होती. आतून हार्पचे सूर आले आणि तिची सुरी पावातच थांबली.

"काय झालं गं?" चहाची भली मोठी किटली भरता भरता नोरीनने विचारलं.

"ही नवी हार्प नाही."

"मग काय, मोडीत काढलेली? तुझाच चेला वाजवतोय ना आत? त्याने बनवलेलीच हार्प असणार. काप बाई तू हॅम, मध्यंतर झालं की सगळे भुकेले कोल्हे इकडेच धावतील."

अट्रॅक्टा हसली नाही. तिच्या चेल्याने, फीअक्राने, जुन्या हार्पवरून केलेल्या नकलेचा आवाज तिला पाठ होता. स्वच्छ, जरासा कोरडा. हा आवाज खरखरीत होता, खोल होता, आणि प्रत्येक सुरामागे कुणीतरी घुमत होतं. जन्मात कधी ऐकलेला नव्हता तिने तो. तरी कुणाचा, ते तिला लगेच कळलं. सुरी टाकून ती हॉलच्या बाजूच्या दाराकडे धावली.

नक्कल मंचावर एका कडेला उभी होती. फीअक्राच्या डाव्या खांद्याला टेकली होती लिसनामोरची जुनी हार्प, आणि त्याची नखं तिच्या पितळी तारांवर चालत होती.

स्लायगोच्या एका बड्या घराण्याच्या नावाने मिरवणारी ही हार्प मुळात लिसनामोर गावच्या एका वादकाची, हे अट्रॅक्टाने शोधून काढलं होतं. शहाण्यासुरत्या लोकांशी भांडून तिला गावाचं नाव मिळवून दिलं होतं, आणि त्यानंतर तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. विलो झाडाच्या एकाच खोडातून कोरलेली तिची पेटी, आणि त्या पेटीच्या फळीला तळापासून मधल्या भोकाच्या खालपर्यंत गेलेली एक चीर. तारा सुरात चढवल्या की पेटीची फळी वर ओढली जाते. ती ओढ या म्हातारीला सोसणार नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून कित्येक पिढ्या ती मुकी होती, आणि अट्रॅक्टाने तिला मुकीच ठेवली होती.

फीअक्राला हे ठाऊक नव्हतं असं नाही. चीर तपासताना टॉर्च तोच धरायचा. "कार्यक्रमात नक्कल वाजवतो, बाई, आणि जुनी नुसती शेजारी ठेवू," असं त्याचं म्हणणं होतं. "पण तारांवाचून अगदी भुंडी दिसते हो. सैल लावतो. दिसण्यापुरत्या." आणि बाई पाघळल्या! पेटीच्या आत तारेला गाठ मारून लाकडी खुंटी कशी अडकवायची, ते तिने हौसेने शिकवलं. हार्प ठेवलेल्या इथल्या कपाटाची किल्लीही दिली. असल्या तारा एका दिवसात चढत नाहीत. आज थोडी, उद्या थोडी, असं आठवडेच्या आठवडे चाललं असणार. म्हणजे संध्याकाळी तिच्याकडे बसून चहा प्यायचा, तिच्या हातचा पाव मिटक्या मारत खायचा, आणि इकडे येऊन तारा पिळायच्या. केसाने गळा कापला होता पोराने.

ती ओरडणार होती. थांब, एवढा एकच शब्द पुरेसा होता. सगळा हॉल वळून बघेल, बघू दे. पाद्रीबाबा भुवया उंचावतील, उंचावू देत. शब्द अगदी ओठांवर आला होता. तेवढ्यात धून संपली. खालच्या तारांचा घुमारा मात्र छताशी तसाच रेंगाळत राहिला. मग दुसरी धून सुरू झाली. ही संथ होती.

टाळ्यांनी ती भानावर आली. लोक उभे राहिले होते. तिच्या मागे नोरीन ॲप्रनने डोळे पुसत होती. "काय गं हे," ती म्हणत होती, "अगदी जीव कालवला बघ."

लोक चहाकडे वळल्यावर अट्रॅक्टा मंचावर चढली. आधी तिने एकेक तार उतरवली, मग टॉर्च लावला. मधल्या भोकाच्या खाली थांबलेली चीर भोक ओलांडून वरच्या कडेपर्यंत गेली होती. नख आत जात होतं.

"बाई! ऐकलंत ना?" फीअक्रा मागे येऊन उभा होता. चेहरा नुसता उजळला होता त्याचा.

"हे बघ."

तो वाकला. चिरेवरून त्याने बोट फिरवलं. "सरस भरून... हळूहळू दाबून..."

"गप्प बस! माझ्या घरी चहा ढोसत होतास तू, आणि इथे येऊन हे करत होतास? परक्याने केलं असतं तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. तुला काय म्हणू मी, मेल्या?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

"नाहीच म्हणाले असते!"

फीअक्रा हळूच म्हणाला, "पहिली धून झाल्यावर मी थांबलो होतो, बाई. तुम्ही दारात दिसलात. वाटलं, आता हात वर कराल. केला असतात तर तिथल्या तिथे हार्प खाली ठेवली असती. शपथ घेऊन सांगतो."

"मग?"

"तुमचे डोळे मिटलेले होते."